वर्गणी सगळ्यांची, नावावर कुणाच्या?

[दृश्य : कोल्हापूरचा खासबाग परिसर, सकाळ. नाट्यगृहाची दगडी भिंत. रस्त्यावरची वर्दळ.]

८ ऑगस्ट २०२४. रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी संगीत रंगभूमीचे गायक नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून खुलं झालेलं हे नाट्यगृह. बातमी कळताच नट आले, रंगभूषाकार आले, पडदे ओढणारे आणि नेपथ्य वाहणारे आले. घरातलं माणूस गेल्यासारखी मोठमोठी माणसं तिथं उभ्या उभ्या रडली.

घर होतंच ते. पण कागद काढून बघितला, तर ही सगळी मंडळी भाडेकरू. तारीख मागायची, अनामत भरायची, प्रयोग करायचा, सामान आवरायचं. इमारत महापालिकेची. त्यात वावगं काही नाही. सार्वजनिक नाट्यगृह असंच चालतं. पण आपल्या गावाला कलापूर म्हणवून घेताना आम्ही कलाकार एक प्रश्न सोयीनं बाजूला ठेवतो. या शहरात कलाकारांच्या नावावर नेमकं काय आहे?

[दृश्य : तालमीचा हौदा. फावड्यानं माती उकरणारी पोरं.]

जिव्हाळा कमी आहे म्हणाल, तर तो इथं उतू जातो. कोल्हापुरात माणूस एकट्यानं काही करतच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा... ही नावं मूळची तालमींची, आणि आज तीच फुटबॉलच्या संघांचीही. पेठेतला गणपती तालमीचा, मॅच तालमीची, महापूर आला की पाण्यात उतरणारी पोरंही तालमीची.

कुस्तीच्या मातीचा हौदा बघा. या मातीत तेल पडतं, ताक पडतं, हळद, लिंबू, काव पडते. कुणी काय आणलं याची पावती कुणी फाडत नाही. पण माती उकरायची पाळी चुकवता येत नाही. काल कुस्ती जिंकून आलेलाही आज फावडं हातात घेतो. वस्ताद लक्ष ठेवून असतो. आपलेपणाबरोबर कामाची वाटणी येते, हे इथल्या पोराला दहाव्या वर्षीच कळलेलं असतं.

मग तोच पोरगा मोठा होऊन कॅमेरा हातात घेतो, डिझाइन करायला लागतो, एडिटिंगला बसतो, तेव्हा एकटा का पडतो? राजारामपुरीत एक खोली भाड्यानं, लेन्स भाड्यानं, लाइट दुसऱ्याचे, सॉफ्टवेअरचा हप्ता स्वतःचा. मित्र आहेत, कट्टा आहे, ‘काय भावा, लई भारी’ म्हणणारे शंभर जण आहेत. सामायिक खातं मात्र एकही नाही.

[दृश्य : देवल क्लबची इमारत. आतून तानपुऱ्याचा स्वर.]

एकत्र येऊन संस्था काढायचा गुण कोल्हापूरच्या मातीतच नाही, असं म्हणता येत नाही. गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा. गाण्याची आवड असलेली माणसं एकत्र आली आणि संस्था झाली. पुढं शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ आले, जयपूर-अत्रौली घराण्याचा सूर या गावात रुजला. दरबार गेला, संस्थान विलीन झालं. क्लब अजून आहे. महाराजांचं ऋण मोठंच आहे, पण आश्रय देणाऱ्याबरोबर आश्रयही जातो. सभासद एकेक करून बदलतात, म्हणून संस्था टिकते. शाहू महाराजांचं नाव घेऊन ‘आता तसा राजा नाही’ अशी हळहळ व्यक्त करणारी भाषणं आपण पुष्कळ ऐकली. त्याऐवजी देवल क्लबच्या पहिल्या सभासदांची एखादी तसबीर कुणी तरी शोधून काढायला हवी.

[दृश्य : मूकपटाच्या काळातली छायाचित्रं. हातानं फिरवायचा कॅमेरा.]

आता सिनेमा. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव. नाटकांचे पडदे रंगवणारी ही माणसं. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो घरीच बनवायच्या नादाला ती लागली. नाद खुळा म्हणतात तो हाच. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी हे काम सोडलं नाही. १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा उभा करायला तानीबाई कागलकर पुढं आल्या. या गायिकेचं नाव आपल्या सिनेमाच्या इतिहासात जेवढ्या ठळकपणे यायला हवं, तेवढं ते येत नाही. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला.

कंपनी कसली, तालीमच ती. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम... सगळे तिथं शिकले. रंग कालवण्यापासून फिल्म धुण्यापर्यंत पडेल ते काम. आणि १९२९ मध्ये ही चौघं बाहेर पडली.

[दृश्य : प्रभातचं बोधचिन्ह, तुतारी वाजवणारी स्त्री. थोडा वेळ फक्त संगीत.]

१ जून १९२९. कोल्हापूर. प्रभात फिल्म कंपनी. भागीदार पाच : विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सीतारामपंत कुलकर्णी. कुलकर्णी सराफ, भांडवल त्यांनी आणलं. बाकी चौघांनी हात आणले. दामल्यांकडं पुढं ध्वनी आला, फत्तेलालांकडं कलादिग्दर्शन, धायबरांकडं कॅमेरा, शांतारामांकडं दिग्दर्शन.

इथं जरा थांबू. प्रभातचं कौतुक करताना आपण ‘अयोध्येचा राजा’ सांगतो, ‘संत तुकाराम’ सांगतो. पण त्या जूनमध्ये जे घडलं ते कुठल्याही चित्रपटाइतकंच धाडसाचं होतं. काल पगारावर काम करणारे कारागीर आज कंपनीचे मालक झाले होते. सराफाचा पैसा आणि कॅमेरामनचा हात एका कागदावर भागीदार म्हणून आले. पैसे घालणाऱ्याचं नाव वर आणि काम करणाऱ्याचं खाली, असा तो कागद नव्हता.

अर्थात प्रभात म्हणजे काही सहकारी संस्था नव्हती. भागीदार पाचच राहिले. बाकीची मंडळी नोकरदार. भागीदारी माणसांच्या मर्जीवर उभी असते. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. पुढं धायबर बाहेर पडले, १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, १९५३ मध्ये कंपनी बंद झाली. पुण्यातल्या त्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कोल्हापूरच्या वाट्याला अभिमान आला. अभिमानाचं भाडं येत नाही.

इकडं उरला जयप्रभा स्टुडिओ. भालजी पेंढारकरांचा. १९४८ च्या दंगलीत जळलेला, पुन्हा उभा केलेला. २०२२ मध्ये त्याच्या विक्रीची बातमी फुटली तेव्हा कलाकार रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली, घोषणा झाल्या. भावना शंभर टक्के खरी. पण ज्या जागेवर आपला एक रुपयाचाही शेअर नाही, तिच्या विक्रीच्या व्यवहारात आपल्याला विचारतो कोण?

[दृश्य : सुभाषनगर. ओल्या चामड्यावर हातोडी. एक स्त्री चामड्याची वेणी घालते आहे.]

विचारतो कोण, याचं उत्तर कायद्यात कसं दिसतं ते चपलेवरून कळेल.

कोल्हापुरी चप्पल एका हातानं होत नाही. हिरडा आणि बाभळीची साल वापरून कातडं कमवणारा वेगळा, तळ कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा. वेणी बहुतेक घरांत बायका घालतात. कान, अंगठा, पट्टा, वेणी असं सगळं जमून आलं की पायताण तयार. पिढ्यान् पिढ्या ही कला कुणा एकाची नव्हती, म्हणून ती कागदावर कुणाचीच नव्हती.

२०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरावीक भागात बनलेल्या वस्तूचंच, अशी सरकारी नोंद झाली. तेही एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले चार जिल्हे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार : बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणीकृत मालकी दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडं, लिडकॉम आणि लिडकारकडं. सीमाप्रश्नावर एकमेकांचं तोंड न बघणारी दोन राज्यं चपलेच्या कागदावर शेजारी शेजारी सह्या करून बसली आहेत. हे आम्हाला फार आवडलं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या रॅम्पवर तशाच धाटणीच्या चपला आणल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इथं संताप उसळला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : मानांकन ज्यांच्या नावावर नोंदलं आहे, दाद मागायची तर त्यांनी मागावी. संताप कितीही खरा असला, तरी दार ठोठावण्याचा हक्क नोंदवहीतल्या नावाला असतो.

आणि त्या नोंदवहीत कारागिरालाही जागा आहे. मानांकनाच्या १९९९ च्या कायद्यात त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणतात. त्या भागात ती वस्तू बनवणारा कुणीही अर्ज करून स्वतःचं नाव लावू शकतो. चप्पल लाईनमध्ये खरेदी करताना दुकानदाराला एकदा विचारून बघा, ही कुणी बनवली, आणि त्याचं नाव नोंदलं आहे का?

[दृश्य : पहाट. गावातली दूध संस्था. किटल्यांची रांग.]

आता जरा उलट बाजूनं बघू. हा जिल्हा सामायिक मालकीत अडाणी आहे का? गोकुळ १९६३ सालचा. गावोगावी दूध संस्था, त्यांचा जिल्हा संघ. एक म्हैस असलेली बाईही सभासद. तिच्या दुधाची फॅट तिच्या डोळ्यांदेखत मोजली जाते आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. साखर कारखाने, सूतगिरण्या, पतसंस्था. सभासद, शेअर, लेखापरीक्षण, वार्षिक सभेतली खडाजंगी, सगळं या मातीत मुरलेलं आहे. सहकारात राजकारण शिरतं, कर्ज थकतं, खुर्चीसाठी मारामाऱ्या होतात, हेही सगळं खरं. तरीही शेतकऱ्याच्या घरातला चित्रकार आईच्या दूध संस्थेचं पासबुक बघत मोठा होतो आणि स्वतःच्या धंद्यात मात्र ‘आपलं आपण बघू’ म्हणतो, याचं नवल वाटतं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. शेअर कितीही असोत, मत एकच. एकूण भांडवलाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त शेअर एकाच माणसाला घेता येत नाहीत. निव्वळ नफ्यातला चौथा भाग राखीव निधीत. दूध संस्था काढणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं. दहा फोटोग्राफर, एडिटर, मूर्तिकार, साउंडवाले मिळून हे करू शकत नाहीत, असं कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. सहकार नको असेल तर उत्पादक कंपनीचा मार्ग आहे; हस्तकला आणि हातमाग त्यात बसतात, आणि तिथंही दहा माणसं लागतात.

[दृश्य : रिकामी खोली. टेबलावर कॅमेरा, दोन लाइट, एक वही.]

समजा दहा जण जमले. एक खोली, एक चांगला कॅमेरा, लाइटचा संच, एक छपाईचं मशीन. पैसा गोळा होईल. भिशी चालवणारं गाव आहे हे. अडचण पुढं येते. लग्नसराईत, एकाच मुहूर्तावर, कॅमेरा चौघांना हवा असतो. मग कुणाला द्यायचा? वहीत आधी नाव लिहिलेल्याला, की ज्याचं त्या महिन्यात काम कमी झालं त्याला? लाइट पडून फुटला तर भरपाई वापरणाऱ्याची की संस्थेची? चार वर्षांनी कॅमेरा जुना होणार, तर घसाऱ्यासाठी प्रत्येक कामातून किती बाजूला काढायचं? कंटाळवाणे प्रश्न आहेत. कट्ट्यावर हे बोलायला बसलं की दुसऱ्या चहाला माणसं उठतात.

आणि सगळ्यात अवघड, बाहेर पडणाऱ्याचं काय? कुणी मुंबईला जाईल, कुणाचं लग्न होईल, कुणाचं भांडण होईल. त्याचा शेअर कधी आणि किती परत द्यायचा, हे दोस्ती पक्की असतानाच लिहून ठेवायला लागतं. पण नेमकं तेव्हाच ते लिहायला लाज वाटते. ‘आपल्यात कशाला कागद?’ या एका वाक्यानं कोल्हापुरात किती ग्रुप मोडले असतील, देव जाणे.

कागदाचं आणखी एक. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, रंगवून घेतलेलं चित्र, करून घेतलेली फिल्म यांचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडं जातो. १९५७ च्या कायद्यातलं १७ वं कलम. हक्क विकायचा तर तो लेखी लागतो, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. व्हॉट्सअॅपवर ‘ओके दादा’ लिहून काम उरकणाऱ्या आमच्या धंद्यात हे माहीत असणारे थोडेच. एकट्या पोरानं करार पुढं केला की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. दहा जणांच्या संस्थेचा छापील करार असला की गिऱ्हाईक निदान वाचतं तरी.

[दृश्य : शाहूपुरी कुंभार गल्ली. शेडमध्ये मूर्तींच्या रांगा, कोपऱ्यात रबरी साचे.]

शेवटी कुंभार गल्ली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं पाणी शिरलं आणि तयार होत आलेल्या मूर्ती भिजून गेल्या. गणेश चतुर्थी महिन्यावर आली होती. तोटा ज्याचा त्यानं सोसला, कारण शेड ज्याची त्याची.

इथल्या एका गोष्टीवर आमच्या टीममध्येच एकमत नाही. एक मूर्तिकार मातीत मॉडेल घडवतो. त्यावरून रबरी साचा निघतो. साच्यातून मूर्ती निघतात, मग दुसऱ्या गल्लीत त्या मूर्तीवरून नवा साचा निघतो. मूळ मॉडेल करणाऱ्याला पहिल्या विक्रीचे पैसे मिळतात, पुढचं काही नाही. आमच्यातला एक म्हणतो, साचे संस्थेच्या मालकीचे करावेत, प्रत्येक मूर्तीमागं मॉडेलवाल्याला ठरलेली रक्कम द्यावी. दुसरा म्हणतो, गणपतीच्या साच्यावर हक्क सांगायला लागलो तर गल्लीच मोडेल. इथं सगळे एकमेकांचं बघूनच शिकले. दोघंही कुंभार गल्लीतलेच. यंदाचा हंगाम संपला की या विषयावर बैठक घ्यायचं ठरलं आहे.