कुमासी: बाजाराच्या कडेला, खोली नंबर सात

(दृश्य: पहाट, हॉटेलची गच्ची, समोर केजेटियाची छपरं)

पावणेसहा वाजलेत. अजून नीट उजाडलेलं नाही पण खालचा आवाज ऐका, झोंगोच्या, म्हणजे मुसलमान वस्तीच्या बाजूने अजान संपत आलीये आणि दुसरीकडून कुठल्यातरी चर्चचा लाउडस्पीकर सुरू झालाय आणि या दोन्हीच्या मध्ये एक पोरगा एका सुरात ओरडतोय, केजेटिया केजेटिया केजेटिया. तो ट्रोट्रोचा मेट, म्हणजे आपल्या वडापच्या गाडीवरचा किन्नर असतो ना तसा, गाडी भरेपर्यंत थांबणार नाही.

ही घानातली कुमासी. राजधानी अक्रापासून साधारण 250 किलोमीटर आत, जंगलाच्या पट्ट्यातलं शहर, असांते लोकांच्या राज्याची गादी आजही इथेच. समोर लांबच लांब छपरं दिसतायत तो केजेटिया बाजार, पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांमधला एक. आणि आपण जिथे उभे आहोत ती एका साध्या हॉटेलची गच्ची आहे, तीन मजले, चौदा खोल्या, लिफ्ट नाही. आम्ही सहा रात्री इथे राहिलो. शहरात मोठी हॉटेलं आहेत, स्विमिंग पूलवाली पण आहेत, पण बाजार समजून घ्यायचा असेल तर बाजाराच्या कडेलाच झोपायला पाहिजे असं मला आधीपासून वाटत होतं आणि आता तर खात्रीच आहे.

(दृश्य: किल्ली, जिना, खोली)

किल्लीला एवढा मोठा लाकडी ठोकळा का, तर कोणी चुकून खिशात घालून गावाला घेऊन जाऊ नये म्हणून. खोल्या दोन प्रकारच्या, एसीची आणि पंख्याची, आणि बाजारहाटाला येणारी माणसं बहुतेक पंख्याचीच घेतात. आम्हीही तीच घेतली. एक पलंग, मच्छरदाणी, प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, आणि खिडकीला जाळी. मच्छरदाणी शोभेला नाहीये, मलेरिया इथे रोजची गोष्ट आहे, आणि यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड नसेल तर घानात शिरताच येत नाही हे निघायच्या आधीच बघून ठेवा.

नळाला पाणी कधी असतं कधी नसतं. म्हणून मागच्या अंगणात लोखंडी स्टँडवर ती काळी टाकी, आपण जिला सिंटेक्स म्हणतो तिला इथे पॉलिटँक म्हणतात. बाथरूममध्ये झाकणाचा ड्रम, बादली आणि मग. हे बघून मला तर एकदम घरीच आल्यासारखं झालं, बादलीभर पाण्यात आंघोळ कशी करायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्यायचं पाणी मात्र पिशवीतलं, अर्धा लिटरची बंद पिशवी, तिला प्युअर वॉटर म्हणतात, दाताने कोपरा फाडायचा आणि प्यायचं. लाईट गेली तर त्यालाही इथे शब्द आहे, डुमसोर. बंद-चालू असा अर्थ होतो. 2012 नंतरची तीन-चार वर्षं लोकांनी त्यात फार काढली, तेव्हा हा शब्द घराघरात गेला. आपलं लोडशेडिंग आठवत असेल तर वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

(दृश्य: रिसेप्शनचं टेबल, मोठी जाड वही)

हॉटेल चालवणाऱ्या बाईंना सगळे आंटी म्हणतात, आम्हीही तेच म्हटलं. पहिल्या दिवशी त्यांनी वहीत नाव लिहिलं, पासपोर्ट बघितला आणि मग विचारलं, जन्म कुठल्या वाराचा? मला वाटलं हापण फॉर्ममधलाच प्रश्न आहे. तसं नव्हतं. अकान लोकांमध्ये, असांते त्यातलेच, मूल ज्या वारी जन्मतं त्या वारावरून त्याला नाव मिळतं, शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी अकोसुआ, मंगळवारची अबेना. आता आपल्याकडे पत्रिका असते त्यामुळे मला वार पाठ, गुरुवार. आंटी हसल्या आणि म्हणाल्या, मग तू याआ. त्यानंतर सहा दिवस त्या हॉटेलात माझं खरं नाव कोणी घेतलं नाही.

आणि हे नाव इथे हलकं नाहीये हां. याआ असांतेवा ही कुमासीजवळच्या एजिसूची राजमाता. 1900 साली इंग्रज गव्हर्नर हॉजसनने असांतेंचं सोन्याचं आसन मागितलं, त्यावर बसायचं होतं त्याला, आणि त्या आसनात आख्ख्या असांते लोकांचा आत्मा आहे असं हे लोक मानतात, त्यावर त्यांचा राजासुद्धा बसत नाही. तेव्हा ही बाई लढायला उभी राहिली. कुमासीच्या किल्ल्याला तिच्या लोकांनी वेढा घातला. शेवटी पकडली गेली, सेशेल्स बेटांवर नेली, तिथेच 1921 ला वारली. आसन इंग्रजांना मिळालं नाही.

(दृश्य: अंगण, फुफू कुटताना, हे पूर्ण चालू द्यायचं)

हा ठपठप आवाज दुपारी चारपासून. उखळ आणि मुसळच आहे, पण मुसळ माणसाहून उंच आणि उभ्याने कुटायचं, आणि खालचं टोक झिजून झिजून ब्रशसारखं पसरलेलं. उखळात उकडलेला कसावा आणि कच्ची केळी. एक जण कुटतो आणि दुसरी खाली बसून दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा फिरवते, ओल्या हाताने, न बघता. मी अर्धा तास बघत होते, एकदाही ताल चुकला नाही. कांडणाला आपल्याकडे ओव्या होत्या, इथे दोघांचं बोलणं चालू असतं, बाजारातल्या भावांचं, आणि त्या बोलण्यातच ठेका असतो. मग तो गुळगुळीत गोळा, हाच फुफू, पातळ, तिखट रश्शात सोडायचा, उजव्या हाताने तोडायचा आणि न चावता गिळायचा. डावा हात जेवताना, पैसे देताना, काही घेताना पुढे करायचा नाही. हे पण आपल्याला माहितीच आहे.

सकाळचं वेगळं. कोपऱ्यावर एक बाई कोको विकते, बाजरीची आंबवलेली पातळ पेज, आलं-मिरी घातलेली, आणि सोबत कोसे, म्हणजे चवळी भिजवून सालं काढून वाटून तळलेले वडे. त्याच्या पुढची गाडी वाचेची, भात आणि चवळी एकत्र शिजवतात आणि रंगासाठी त्यात ज्वारीची वाळलेली पानं टाकतात, भात तांबूस होतो. ज्वारी खाणाऱ्या माणसाने हे शोधायला एवढ्या लांब यायचं, मला फार भारी वाटलं.

(दृश्य: हॉटेलचा पॅसेज, दोऱ्या बांधलेले गठ्ठे, खडूने लिहिलेली नावं)

आता हे बघा, यासाठी मी हा व्हिडिओ करतेय.

पॅसेजमध्ये हे गठ्ठे पडलेत ते कोणाच्या सामानाचे नाहीत, माल आहे. बुर्किना फासोहून आलेल्या दोन बायका तीन नंबरमध्ये राहतात, कापड भरतात, ट्रक मिळेपर्यंत इथेच. नायजरचा कांद्याचा व्यापारी आठमध्ये. त्याचे पैसे आडत्याकडून यायचे असतात तेव्हा तो दोन दिवस जास्त राहतो आणि आंटी त्याला खोलीचं भाडं मागत नाहीत, पुढच्या खेपेला घेतात. त्याला बाजारात कोणी विचारलं की तू कोण, तर तो या हॉटेलचं नाव सांगतो आणि समोरचा मान डोलावतो.

ही पद्धत आजची नाही. असांतेच्या जंगलात कोला होतो, त्याची कडवट बी चघळतात, उत्तरेकडे हौसा मुलखात, म्हणजे आजच्या उत्तर नायजेरियाकडे, त्याला फार मागणी. आणि कोला ओला राहायला पाहिजे, सुकला की गेला, पानांत गुंडाळून, वाटेत पुन्हा पुन्हा उघडून बघत बघत न्यायचा. गाढवांवर लादून उत्तर घानातल्या सालागाच्या बाजारातून पार कानोपर्यंत तांडे जायचे. तांड्याच्या तळाला हौसात झांगो म्हणतात, त्यावरूनच घानातल्या शहरांमध्ये परगावच्या, बहुतेक मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती ती झोंगो. आणि तिथे तांडा ज्याच्या घरी उतरायचा तो माईगिडा, घरधनी. तो नुसता खोली देत नसे. माल ठेवायला जागा द्यायचा, जेवण द्यायचा, गिऱ्हाईक गाठून द्यायचा, भाषा येत नसेल तर मध्ये बोलायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उधारीला जामीन राहायचा. आपल्या मार्केट यार्डातला आडत्या आणि धर्मशाळेचा मालक एकाच माणसात घाला, की माईगिडा झाला. अनोळखी मुलखात ज्याची भाषा वेगळी, देव वेगळा, त्याच्याशी हजार मैलांवरून व्यापार होऊ शकला तो अशा घरांमुळे. आंटींना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मी माईगिडा नाही, मी हॉटेल चालवते. पण वही उघडून बघा, त्याच गावांची नावं वर्षानुवर्षं.

(दृश्य: बाजार, खांद्यावरचा कॅमेरा)

1903 मध्ये सेकोंडी बंदराकडून रेल्वे आली आणि शहर फुगलं, 1920च्या दशकात दलदल भरून मध्यवर्ती बाजार बसवला. आणि हा बाजार बायकांचा आहे हे डोळ्यांनी दिसतंच. असांतेंमध्ये वारसा आईकडून चालतो, बाईचा व्यापार आणि बाईचा पैसा तिचा स्वतःचा. प्रत्येक मालाची एक ओहेम्मा असते, राणी. ही कोनफळासारख्या यामची बाजू, इथली बायेरे-हेम्मा. पोना जातीचा याम सगळ्यात गोड, उत्तरेकडून ट्रकने येतो, शेकड्यावर सौदा होतो, आणि भांडण झालं, मोजणीत कमी आले, अर्धे कुजके निघाले, तर पोलिसांकडे नंतर, आधी राणीकडे. ती दोघांना बसवते, ऐकते, सांगते. बसलेल्यांकडे बघा, कोणी मध्ये बोलत नाहीये.

कापडाच्या गल्लीत प्रत्येक छापाला नाव असतं. हे उडणाऱ्या पाखरांचं, सिका वो न्ताबान, पैशाला पंख असतात. आणि हे, अह्वेने पा न्कासा, चांगले मणी वाजत नाहीत. बाईने काही न बोलता हे कापड नेसून जावेच्या समोरून जायचं, जावेला कळतं. आपल्याकडे उथळ पाण्याला खळखळाट म्हणतात तेच, फक्त इथे ते अंगावर घालता येतं. मी सहा वार घेतलं.

डोक्यावर लोखंडी परात घेऊन धावतायत त्या मुली कायायेई, उत्तर घानातून आलेल्या हमाल. काही जणींच्या पाठीला बाळं आहेत. रात्री त्या कुठे झोपतात ते आमच्या कॅमेऱ्यात नाही, या हॉटेलात नाही एवढं नक्की.

रस्त्यावरची ती पिवळी तीनचाकी ओळखली का? बजाज, आपल्या पुण्याच्या कंपनीची. इथे तिला प्रॅग्या म्हणतात, पियाजिओवरून आलेला शब्द असं सांगतात, आणि पियाजिओच्या रिक्षा बारामतीला बनतात. मी हे ड्रायव्हरला सांगितलं तर त्याने सुट्या भागांचे भाव विचारले आणि फोन नंबर मागितला.

(दृश्य: नवी इमारत, काचा, सरकते जिने, मग कुंपणाचे पत्रे)

2015 ला नव्या केजेटियाचं काम सुरू झालं, ब्राझीलच्या कंपनीने बांधलं, 2019 ला दुकानदार आत गेले. स्वच्छ आहे, पाऊस लागत नाही, पोलीस चौकी, बँका सगळं आत आहे. मार्च 2023 मध्ये तिथे आग लागली, काही दुकानं गेली. दुसऱ्या टप्प्यासाठी जुना बाजार हलवला, बऱ्याच जणी लांब गेल्या. आंटींच्या चौदापैकी पाच-सहा खोल्या हल्ली मधल्या वारी रिकाम्या असतात. एवढ्या मोठ्या बाजाराचा नकाशा काढताना गाळे मोजले, पार्किंग मोजलं, माल घेऊन लांबून आलेली बाई रात्री पाठ कुठे टेकणार ते मात्र त्यात यायलाच पाहिजे, कारण ती आली नाही तर गाळ्यात भरायचं काय?

म्हणून सांगते, कुमासीला गेलात तर अशा ठिकाणी राहा. चहा मागितला तर आधी विचारून घ्या, इथे मायलोला, म्हणजे चॉकलेटच्या गरम पेयालाही टी म्हणतात. सोबत गोडसर पाव आणि ऑम्लेट. पैसे मोमोने द्या, मोबाईलवरून, आंटींना सुट्ट्यांचा त्रास नको. आत येताना कोणी अक्वाबा, म्हणजे या, स्वागत आहे, म्हटलं तर थांबून मेदासे, धन्यवाद, म्हणा आणि मगच जिना चढा.

(दृश्य: शुक्रवार दुपार, अंगणातली दोरी)

शुक्रवारी आम्हाला खोली सोडायची होती. शनिवारी इथे मयताचे विधी असतात, माणूस जाऊन कधी कधी काही आठवडे झालेले असतात, गावोगावचे नातेवाईक जमतात आणि आदल्या दिवशी सगळी हॉटेलं भरतात. आमच्या सात नंबरमध्ये एका कुटुंबातले चार जण येणार होते. आंटींनी चादर बदलली, ड्रम भरून घेतला, पाचवी उशी कुठूनतरी आणली. अंगणात दोरीवर त्यांची कापडं आधीच येऊन वाळत होती, काळी आणि लाल, आणि एक मुलगी कोळशाच्या इस्त्रीने एकेक घेऊन इस्त्री करत होती.

मी ठोकळ्याची किल्ली टेबलावर ठेवली, उजव्या हाताने. आंटींनी वहीत माझ्या नावापुढे वेळ लिहिली आणि तीन नंबरच्या बायकांना आवाज दिला, याआ निघाली म्हणून.

(दृश्य: दोघी पॅसेजमधून बाहेर येतात. इथे निवेदन नाही.)