मोडेमआधी तार तपासा

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, मोडेमची, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राची, मांडणी कशी करावी हे सांगण्यासाठी आपण मला जळगावला बोलावले आहे. माझे म्हणणे एकच आहे: जोडणी ज्या वेगाने तासभर टिकते, तोच त्या तारेचा वेग, खोक्यावर छापलेला सेकंदाला ५६,००० बिटचा आकडा नव्हे.

परंतु आधी तारेविषयी बोलणे भाग आहे, कारण या बाबतीत आपल्याकडे ग्राहकाची फार लूट होते. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यांकडे जोडणी लागे, दिल्लीहून आलेली ई-मेल पत्रे उतरू लागत आणि मध्येच सारे तुटे. ज्या दुकानदाराने मोडेम विकला होता, त्याने आणखी महाग मोडेम त्यांच्या गळ्यात मारला, आणि तोही तुटू लागल्यावर तिसऱ्याची शिफारस केली. फोनवर एक आकडा दाबून डायल टोन घालवला असता आणि रिसीव्हर कानाला लावला असता, तर करकर स्पष्ट ऐकू आली असती. तेवढेही कोणी केले नव्हते. लाइनमनदादांना घेऊन आम्ही खांबापासून तारेच्या मागे निघालो. बागेच्या कुंपणापाशी ती नुसती पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली होती. पट्टी सोडवली तेव्हा आत पाणी होते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. जोड नव्याने केला, त्याच तारेवरचा माजघरातला समांतर फोन काढला आणि पहिलाच मोडेम व्यवस्थित चालू लागला. त्या व्यापाऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच, याचा मला आजही राग येतो.

टेलिफोनची वाहिनी साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच असते. व्ही.३४ या मानकाचा मोडेम त्यातूनच सेकंदाला ३३,६०० बिट काढतो, म्हणून बोलताना न जाणवणारी करकरही त्याला सोसत नाही. दोन्ही मोडेम पुन्हा सूर जुळवू लागतात आणि तेवढ्या वेळात एक अक्षरही पुढे सरकत नाही. १९९८ च्या व्ही.९० या ५६,००० च्या मानकाला तर इंटरनेट सेवा देणाऱ्याचे टोक डिजिटल लागते. वाटेत अ‍ॅनालॉग रूपांतर एकापेक्षा अधिक वेळा झाले, तर ५६,००० ची आशा सोडावी.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मांडणी भराभर सांगतो. संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग सेकंदाला १,१५,२०० बिटवर पक्का करा, कारण व्ही.४२बिस संक्षेपाने दाबून पाठवलेला मजकूर तारेच्या वेगापेक्षा जलद उलगडतो. या वेगाला सुमारे ८७ मायक्रोसेकंदांत एक बाइट येतो. संगणकाच्या सिरियल पोर्टमधील जुन्या १६४५० चिपमध्ये एकच बाइट थांबू शकतो, १६५५०ए मध्ये सोळा, म्हणून पोर्ट दुसऱ्या प्रकारचे घ्या. प्रवाह नियंत्रण, म्हणजे समोरचा भरला की थांबण्याचा इशारा, आरटीएस-सीटीएस या दोन वेगळ्या तारांवरचेच ठेवा; रॉकवेल कंपनीच्या मोडेम चिपवर त्याचा आदेश एटी&के३ आहे. व्ही.४२ दोषसुधारणा, म्हणजे बिघडलेला मजकूर पुन्हा मागवणे, बंद करू नका.

डायल टोन ओळखला जात नसेल तर एटीएक्स३ हा आदेश द्या, म्हणजे मोडेम त्याची वाट न पाहता नंबर फिरवेल. एस१० हे रजिस्टर, म्हणजे मोडेममधील आकडा साठवण्याची जागा, सेकंदाच्या दशांशात मोजते; ते ५० केले की पाच सेकंदांपर्यंत संकेत खंडला तरी मोडेम फोन ठेवत नाही. कॉल वेटिंग बंद करून घ्या. एवढे करूनही जोडणी तुटत असेल, तर वेगाची वरची मर्यादा २६,४०० किंवा २४,००० वर आणा. शेवटी एटी&डब्ल्यू देऊन सारे साठवा, म्हणजे लोडशेडिंगनंतर वीज आली की एटीझेड देताच हीच मांडणी परत मिळेल.