नवतपा आणि गेमिंगचा संगणक

दरवर्षी मार्च संपत आला की माझ्याकडे एकाच प्रकारची तक्रार घेऊन मुले येऊ लागतात: डिसेंबरात ज्या संगणकावर गेम सुरळीत चालत होता, त्याच संगणकावर तोच गेम आता दहा-पंधरा मिनिटांनी अडखळू लागतो. गेम बदललेला नसतो, यंत्रही तेच असते. बदललेली असते ती खोली. तरीही येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कुठेतरी विचारून काही ना काही नवे विकत घेतलेले असते आणि खोलीत तापमापक लावून पाहिलेला नसतो, म्हणून आज मी खरेदीविषयी कमी आणि मोजण्याविषयी जास्त बोलणार आहे. एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे ज्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, तिला मी कॅबिनेट म्हणेन. प्रोसेसर हा तिच्या आतला, पंख्याखाली झाकलेला चौकोनी तुकडा.

प्रोसेसर स्वतःला जळू देत नाही. इंटेलच्या अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५. तापमान तिथवर पोहोचले की प्रोसेसर आपली गती आणि व्होल्टेज आपणहून खाली आणतो, आणि यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. खर्च होणारी वीज गतीच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढत असल्यामुळे दोन्ही थोडी उतरवली तरी उष्णता बरीच घटते. पण सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रे, हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि गती उतरलेल्या प्रोसेसरला तेवढ्या वेळात काम उरकत नाही. आपल्याला जाणवतो तो झटका इथून येतो.

आता नागपूरकडे वळतो. प्रोसेसरवरचा पंखा आणि पत्र्यांचा सांगाडा उष्णता खोलीतल्या हवेत टाकतात, त्यामुळे हवा कितीही खेळती असली तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. गेम चालू असताना तो खोलीपेक्षा किती अंश वर जातो, हा आकडा वर्षभर साधारण तोच राहतो. समजा तो ५० आहे. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना प्रोसेसर ७२ वर थांबेल. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, स्लॅबखालची खोली ४२ वर गेली की तोच ९२ वर जाईल. म्हणून ‘माझा प्रोसेसर ९० दाखवतो, हे वाईट आहे का?’ या प्रश्नाला खोलीचे तापमान कळल्याशिवाय उत्तर नाही. आणखी एक गोष्ट विसरली जाते. गेम खेळताना संगणक ३०० वॅट वीज घेत असेल, तर ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे दहा बाय दहाच्या बंद खोलीत मे महिन्याच्या दुपारी तीन पाहुणे आणून बसवल्यासारखेच झाले.

मागच्या उन्हाळ्यात मानेवाड्याकडचे एक गृहस्थ मुलाला आणि कॅबिनेटला घेऊन आले. दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यांनी नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे तयार करणारा वेगळा भाग, बसवले होते. ‘सर, बारा हजार गेले, अन् गेम अजूनबी अडकतेच. आता पॉवर सप्लाय बदला म्हणतात. बदलू का?’ मी म्हटले, आज काहीच बदलायचे नाही, त्याला इथे गेम खेळू द्या.

एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम दर दोन सेकंदांनी तापमान, गती आणि वापर यांची नोंद फाइलमध्ये लिहीत जातो. आम्ही तो सुरू ठेवून वीस मिनिटे गेम चालवला आणि नंतर ती नोंद वरून खाली वाचली. माझी खोली ४० अंशांवर होती. अकराव्या मिनिटाला प्रोसेसर १०० अंशांना भिडला आणि त्याच ओळीत त्याची गती ४.१ गिगाहर्ट्झवरून २.३ वर आली. ग्राफिक्स कार्ड मात्र ६८ अंशांवर होते आणि त्याचा वापर निम्माही नव्हता. त्याचा अर्थ मुलालाही लगेच कळला: नवे कार्ड प्रोसेसरकडून काम येण्याची वाट पाहत रिकामे बसले होते. नुसते तापमान पाहून हे निदान झाले नसते. तापमान, गती आणि वापर हे तिन्ही आकडे एकाच क्षणाचे, शेजारी शेजारी लागतात.

मग झाकण काढले. पंखा मदरबोर्डला, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य पाटीला, चार खुंट्यांनी बसलेला होता, त्यातली एक सुटली होती, त्यामुळे सगळा सांगाडा एका बाजूला कललेला होता. पत्र्यांच्या फटींत करड्या धुळीचा जाडसर थर जमला होता, जाजमाच्या तुकड्यासारखा, चिमट्याने धरून अखंड उचलता आला. खालची थर्मल पेस्ट पानाच्या डब्याच्या तळाशी वाळून राहिलेल्या चुन्यासारखी झाली होती, नखाने खपल्या निघत होत्या. ही पेस्ट कशासाठी असते हे समजून घेणे उपयोगाचे आहे. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेचे बारीक कप्पे राहतात. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबे ४०० च्या आसपास असते, साधी पेस्ट चार ते आठ आणि हवा फक्त ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे क्षुल्लक आहे, पण हवेपुढे फार मोठी. तिचे काम हवा हुसकावण्यापुरतेच असल्यामुळे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी पुरते. गिलावा केल्यासारखी जाड थापली तर तीच अडसर होते.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होऊ शकते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा मात्र मारू नये. त्याच्या टाकीत पाणी साचलेले असते आणि तेही झोताबरोबर बाहेर येते.

पेस्ट बदलावी की कॅबिनेटमधली हवा सुधारावी, हे ठरवण्याची माझी आवडती चाचणी फुकट आहे. कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून तोच गेम पंधरा मिनिटे खेळावा. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे: पुढची काच, तुंबलेली जाळी, किंवा संगणकाच्या टेबलाचा तो दार असलेला कप्पा, ज्यात आपण सारे हौसेने कॅबिनेट कोंडतो. एखाद-दोन अंशच उतरले तर पेस्ट, पंखा आणि खुंट्या तपासाव्यात. या मुलाच्या घरी दोन्ही दोष होते. खुंटी बसवून, पेस्ट बदलून आणि कप्प्याचे दार काढून टाकल्यावर, ४० अंशांच्याच खोलीत प्रोसेसर ८३ वर स्थिरावला आणि गती उतरली नाही.

गेम पहिल्या मिनिटापासूनच अडखळत असेल तर उष्णतेच्या मागे लागू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली सापडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. किंवा रॅमची एकच पट्टी असते.

कूलरविषयी तुम्ही विचारणारच. मे महिन्यातली आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर खोली चांगली थंड करतो, मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी. कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नये, कारण झोताबरोबर तुषार येतात आणि वाळ्याच्या पडद्यांवर जो पांढरा क्षार दिसतो तोच बोर्डावर वाळतो. जुलैत हवेतच ओल असल्यामुळे कूलरने तापमान फारसे उतरत नाही आणि धूळ मात्र दमट होऊन पत्र्यांना चिकटते. म्हणून माझ्या मते सफाई दोनदा करावी, एकदा होळीच्या सुमारास आणि एकदा पाऊस ओसरल्यावर.

नवतप्याच्या त्या नऊ दिवसांसाठी आणखी दोन गोष्टी करता येतात. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी, कारण त्यापुढच्या फ्रेम पूर्ण दिसतच नाहीत आणि उष्णता मात्र वाढवतात. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणली तरी फ्रेम त्या प्रमाणात घटत नाहीत, बऱ्याच कमी घटतात. रात्री उशिरा खेळण्याचा फायदा वाटतो तेवढा नसतो; दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. त्या मुलाने आठवडाभर खोलीचे तापमान लिहून ठेवले होते, आणि त्याच्या वहीत रात्री अकराला ३८ व पहाटे पाचला ३२ असे आकडे होते. त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला, तो मी त्याच्या वडिलांसमोर वाचून दाखवला नाही.