सीमाभागातल्या कवीने काय लिहावं?

मंडळी, सकाळी ग्रंथदिंडी झाली, उद्घाटन झालं, आता जेवणंही झाली. कविसंमेलनाआधीची ही वेळ म्हणजे श्रोत्यांची हक्काची डुलकी. म्हणून जरा भांडूनच बोलतो.

आमच्या छोट्या दिवाळी अंकाकडे बेळगाव, खानापूर, निपाणीकडून ज्या कविता येतात, त्यांतल्या बऱ्याच एकाच विषयावरच्या असतात. १९५६ची राज्य पुनर्रचना, अन्याय, लाठी, हुतात्मे. भावना खरीच असते. पण चौथी ओळ वाचली की पाचवी कुठली येणार ते कळतं. दोष एकट्या कवीचा नाही. १९४६ साली बेळगावच्याच साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तेव्हापासून आपल्याकडे कविता आणि चळवळ एकाच मांडवात नांदतात. पुण्या-मुंबईचे संपादकही फोन करतात ते 'सीमाप्रश्नावर काहीतरी द्या' म्हणून. प्रेमकविता मागायला बेळगावला फोन आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि इंदिरा संत याच गावात राहून लिहीत होत्या!

प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला तो पोरगा, लंपन, आठवा. तो सीमाप्रश्नावर भाषण करत नाही. पण कानडी हेल लागलेली त्याची मराठी ऐकली, की आपण कुठल्या मुलखात आहोत ते सांगावं लागत नाही.

मध्यंतरी आमच्याकडे एक कथा आली. म्हातारी जमिनीचा उतारा घेऊन घरी येते. कागद कानडीत. घरात कानडी वाचता येतं ते एकट्या नातवाला, शाळेत शिकल्यामुळे. तो उंबऱ्यात बसून एकेक नाव वाचतो. धाकट्या चुलत्याचं नाव येतं, आणि त्यापुढे म्हातारीचं नाव नसतंच.

'माझं नाव हाय न्हवं रे?'

पोरगा कागदाकडे बघत म्हणतो, 'हाय की.'

'बरं झालं बाबा. उद्या तुझ्या काकाला सांगतो.'

कथा इथे संपायला हवी होती. लेखकाने पुढे परिच्छेदभर भाषेच्या अन्यायावर लिहिलं होतं. आम्ही तो काढला. त्याचा फोन आला, आवाज चढलेला: 'मुद्दाच काढला की सर तुम्ही!' मी म्हटलं, मुद्दा त्या पोराच्या 'हाय की'मध्ये आहे. खोटं बोलायची पाळी त्याच्यावर कुणी आणली, ते वाचकाला कळतं. नंतर तो बरेच दिवस बोलला नाही. आता पुन्हा लिहितोय, आणि शेवट स्वतःच छाटून पाठवतो.

कवितेचं मात्र अजून अडतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फाउंड्रीत काम करणारी पोरं कविता लिहितात. रात्रपाळीहून आलेल्या माणसाला सकाळच्या चहाची चव कशी लागते, ते त्यांना माहीत असतं. पण वहीत उतरते ती क्रांतीची मशाल. भट्टी रोज समोर असताना मशाल कशाला हवी? साच्यात रस ओतताना अंगाला जी झळ लागते, ती लिहा. तुमचा सुपरवायझर कानडीत शिव्या देतो आणि डबा मराठीत वाटून खातो, ते लिहा. एवढं चोख आलं, तर सीमेचं नाव घ्यायची गरजच पडणार नाही.

चळवळीच्या कविता लिहू नका, असं मी म्हणत नाही. मोर्च्याला घोषणा लागतात, त्या चांगल्या असाव्यात. अंकाची पानं मोजकी असतात, एवढंच.

दिवाळी अंकासाठी मजकूर गणपतीआधी पोहोचू दे. हाताने लिहिलेला चालेल, पण पानाच्या एकाच बाजूला लिहा. मानधन देता येत नाही. अंक मात्र घरपोच येईल, आणि परत पाठवलेल्या कवितेसोबत चिठ्ठी नक्की असेल.