सातपुड्यासाठी मोटरसायकल निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

शहाद्याहून तोरणमाळ गाठायचं तर आधी ऊस, केळी, कापसाच्या शेतांमधला सपाट रस्ता लागतो आणि मग सातपायरीचा घाट. वर पोचलं की आपण साधारण 1150 मीटर उंचीवर असतो. तिथवर डांबर आहे. शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडीसुद्धा दोघांना घेऊन चढते. आपल्याकडचे शिक्षक, आरोग्यसेवक, किराणा पोचवणारे ती रोज चढवतात. पण धडगाव-मोलगीकडच्या एखाद्या पाड्याकडे वळलात की डांबर सुटतं. आधी मुरूम, मग सुटे दगड, मग ओढा. आणि त्याच संध्याकाळी धुळ्याला परतताना महामार्गावर शेजारून कंटेनर सुसाट जात असतात. ही दोन्ही कामं एकाच गाडीने नीट करावीत, म्हणून ज्या मोटरसायकली बनतात त्यांना ॲडव्हेंचर मोटरसायकल म्हणतात. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची 411 सीसीची हिमालयन आली, तेव्हापासून आपल्याकडे हा प्रकार सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आला. आज जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर हिमालयन, एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम, केटीएम दिसतात. घेणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न सीसीचा असतो. गावातल्या पारावर दुसरा प्रश्न ठरलेला: ‘लिटरले कितली चालस?’

हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण खानदेशात राहून सातपुड्यात गाडी घालायची असेल, तर मी वजन आधी विचारेन. का, ते सांगतो.

हिमालयन 450 घ्या. इंजिन 452 सीसी, ताकद 40 पीएस, टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, 40 न्यूटन-मीटर. महामार्गावर ती शंभरच्या वेगाने आरामात चालते, मागे माणूस आणि सामान असलं तरी दमत नाही. ट्रक ओलांडताना वाऱ्याचा जो झोत बसतो, त्यात जड गाडी कमी हलते. पेट्रोल धरून तिचं वजन 196 किलो. सपाटीवर हे वजन जाणवतही नाही. आता हीच गाडी उताराच्या कच्च्या रस्त्यावर, मोकळ्या खडीत, पाय टेकायला जागा नसलेल्या वळणावर थांबली आणि कलली, असं धरून चला. कच्च्यावर गाडी पडणं हा अपघात नाही, तो या चालवण्याचा भागच आहे. तिथे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि पुढची जीप कधी येईल सांगता येत नाही. एकट्याने 196 किलो उचलणं आणि 167 किलो उचलणं यांत फार अंतर आहे, विशेषतः तिसऱ्यांदा उचलताना. सुझुकीची 250 सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167 किलोची आहे, हिरोची एक्सपल्स 210 सुद्धा 170 च्या आसपास.

उचलायचीही रीत असते आणि ती गाडी घेण्याआधी शिकून घ्यावी. गाडी उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा म्हणजे ती घरंगळत नाही. सीटला पाठ लावून गुडघ्यात बसायचं, एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पाठीने न ओढता पायांच्या जोराने मागे सरकत उठायचं. गाडी उताराच्या बाजूला पडली असेल तर तशी उचलू नका. आधी जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे करून घ्या, वजन निम्मं वाटतं. मित्राची गाडी असेल तर शेताच्या मऊ बांधावर दोघांनी मिळून ती हळूच आडवी करा आणि मग एकट्याने उचलून पाहा. ती उचलली नाही तर ती गाडी कितीही आवडली तरी तुमच्या एकट्याच्या डोंगरवाटेची नाही. दोघे-तिघे मिळून जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

वजनाला लागूनच सीटची उंची येते. यातल्या बहुतेक गाड्यांची सीट 825 ते 845 मिलिमीटरच्या दरम्यान आहे. हिमालयन 450 ची सीट तर या दोन आकड्यांमध्ये वरखाली करता येते. पण आकड्यावरून पूर्ण अंदाज येत नाही. सीट पुढे अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर तेवढ्याच उंचीला टाचा अधांतरी राहतात. आपण बसल्यावर शॉकअप किती दबतो, त्यानेही फरक पडतो. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन्ही चवडे टेकले म्हणून खूश होऊ नका. रस्त्याच्या कडेला, जिथे जमीन एका बाजूला उतरते, तिथे गाडी उभी करून पाहा, आणि तेही रोजचे बूट घालून. एक पाय पूर्ण टेकला की पुरे. बुटक्या माणसाने हिरमुसून जाऊ नये. सीटचा फोम थोडा कमी करून घेता येतो. शॉकअपची लिंक बदलून सगळी गाडीच खाली घ्यायचा सल्ला मात्र कुणी दिला तर नाही म्हणा. ज्या जमिनीपासूनच्या उंचीसाठी पैसे मोजले, तीच त्याने जाते.

आता चाकं. पुढचं चाक 21 इंची की 19 इंची, हा या गाड्यांमधला खरा भेद. 21 इंची मोठं चाक दगडावरून, खड्ड्यातून सहज पार होतं. हिमालयन, एक्सपल्स आणि 2025 ची नवी केटीएम 390 ॲडव्हेंचर यांना तेच आहे. 19 इंची चाक डांबरावरच्या वळणात चपळ वळतं. व्ही-स्ट्रॉम, ट्रायम्फ स्क्रॅम्बलर 400 एक्स आणि टीव्हीएसची नवी अपाचे आरटीएक्स 300 त्या बाजूच्या. चाळीसगावहून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जाणं, धुळ्याहून लळिंग ओलांडून नाशिक गाठणं, हे ज्याचं जास्त त्याला 19 इंची चाक आवडेल. ज्याची वाट चांदसैली घाटातून धडगावकडे आणि तिथून पुढच्या कच्च्यावर जाते, त्याने 21 इंचीच घ्यावं.

खानदेशात चाकाचा विचार बाभळीच्या काट्याशिवाय पुरा होत नाही. शिवाररस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारा. ट्यूबलेस टायरमध्ये काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते, कधी जातच नाही. बाहेरून दोरी भरली की पाच-दहा मिनिटांत मोकळे. ट्यूब असेल तर काटा लागताच चाक बसतं, मग चाक काढा, टायर सोडवा. पण तारांच्या चाकाला दगडाचा मार मॅगव्हीलपेक्षा, म्हणजे ओतीव धातूच्या चाकापेक्षा, चांगला सोसतो, आणि तारांच्या चाकात पुष्कळदा ट्यूब असते. तारांचं चाक आणि ट्यूबलेस टायर, दोन्ही एकत्र मिळत असेल तर थोडे पैसे जास्त मोजून तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हिमालयन 450 ला ही सोय मिळते. ट्यूबवाली गाडी घेतलीत तर जादा ट्यूब, टायर लिव्हर, एक्सलचा पाना आणि हातपंप सीटखाली किंवा पिशवीत पाहिजेच, आणि चाक स्वतः काढता आलं पाहिजे. गावोगावचा पंक्चरवाला ट्यूब जोडून देतो, पण त्याच्यापर्यंत चाक आपल्यालाच न्यावं लागतं.

कच्च्यावर उतरताना हवा थोडी कमी केली की टायरची पकड वाढते. फार कमी करू नका, दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. डांबर लागलं की परत भरायची, हातपंप त्यासाठीही.

काळ्या मातीबद्दल मात्र मला जरा थांबून बोललं पाहिजे. तापी, गिरणा, पांझरेच्या काठची आपली जमीन पाणी प्यायली की फुगते आणि गोंदासारखी चिकटते. पहिल्या पावसानंतर पाणंदीत गाडी घातली तर शंभर पावलांत टायर आणि मडगार्डच्या मधली फट मातीने भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. खोल खाचांचे टायर लावले तरी खाचा भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. दुकानात कुणी म्हणेल, हे टायर लावा, चिखलात कुठेही जाल. खानदेशच्या चिखलात नाही. पुढचं मडगार्ड चाकापासून उंच असेल तर माती अडकायला वेळ लागतो, एवढाच फायदा. दोन दिवस ऊन पडू द्यावं, मग जावं. शेतकरी ट्रॅक्टरलाही तेवढी सवड देतात. नदीवरच्या बुटक्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर इंजिनात हवा कुठून शिरते, गाडी किती उंच आहे, असले हिशेब करायचेच नाहीत. ते पाणी उतरेपर्यंत अलीकडे थांबायचं. सातपुड्यात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 अंशांवर जातो. नव्या बहुतेक गाड्यांना रेडिएटर आहे, त्यामुळे इंजिन फारसं तापत नाही. पण बाजारपेठेतल्या गर्दीत पंखा सुरू झाला की गरम हवा कुठे येते, हे टेस्ट राइडमध्ये दुपारीच पाहा. सकाळी सातला टेस्ट राइड घेऊन हे कळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा: रेडिएटरच्या पात्यांमध्ये वाळलेला चिखल बसला की उन्हाळ्यात त्रास होतो. धुताना पाण्याची जोरकस धार जवळून मारू नका, पाती वाकतात. समोर जाळी बसवून घेतली तर पुढच्या गाडीच्या चाकाने उडालेला दगडही अडतो.

पैशाचं बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यापुढच्यांवर 40 टक्के झाला. म्हणजे एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम, आरटीएक्स 300 यांना फायदा, हिमालयन 450 आणि 390 सीसीच्या वर्गाला भार. हे अंतर मोठं आहे. वाचलेल्या पैशांत चांगलं आयएसआय हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, हँडगार्ड आणि इंजिनखालची मजबूत प्लेट, एवढं सगळं बसतं. हे सामान ऐच्छिक समजू नका, गाडीच्या किमतीतच धरा.

मग कुणी काय घ्यावं? सातपुड्यात बरेचदा एकटे जाणारे, रोज कामावरही त्याच गाडीने जाणारे, यांनी हलकी गाडी घ्यावी. एक्सपल्स 210 ला माझी पहिली पसंती. 24-25 पीएस ताकद महामार्गावर 80-90 च्या चालीला पुरते. पत्नीला मागे बसवून इंदूर, उज्जैन, नाशिक करणारे, आणि कच्चं म्हणजे मनुदेवी, पाटणादेवीपर्यंतचं, यांना व्ही-स्ट्रॉम किंवा आरटीएक्स. लांबच्या सफरी आणि खडतर वाट दोन्ही मनापासून हवे असतील, अंगात जोर असेल आणि सोबत माणसं असतील तर हिमालयन 450. केटीएमला वेग आणि तंत्र जास्त. ज्याला तसं चालवता येतं, त्याला ती समाधान देईल. चारशे सीसी घेऊन ती घरासमोर झाकून ठेवण्यापेक्षा दोनशे सीसीवर दर रविवारी बाहेर पडलेलं मला जास्त आवडेल.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस रंगावर भाळत नाही. चालवून, पळवून, पाय उचलून पाहतो. तसं करा. टेस्ट राइडमध्ये फुटरेस्टवर उभे राहा. पाठ न वाकवता हँडल हाताला येतं का, गुडघ्यांनी टाकी धरता येते का? बंद गाडी हलक्या चढावर मागे ढकलून पाहा. अरुंद गल्लीत एका दमात वळते का, तेही. मागच्या चाकाचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद करता येतो का, हे विचारा. मोकळ्या खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायला वेळ लागतो. व्ही-स्ट्रॉमला ही सोय नाही, हिमालयनला आहे. पुढचा एबीएस मात्र सुरूच असू द्या. आणि सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की क्लचचा लिव्हर, गिअरचा लिव्हर, ब्रेक पॅड आत्ता दुकानात आहेत का. ‘मागवून देतो’ हे उत्तर आलं तर क्लच आणि गिअरचा एकेक लिव्हर पहिल्याच दिवशी मागवून गाडीत ठेवा, पडल्यावर पहिल्यांदा तेच तुटतात.

कच्चा रस्ता म्हणजे जंगल तुडवायची मुभा नव्हे, हे तरुण मित्रांना आवर्जून सांगतो. यावल आणि अनेर ही अभयारण्यं आहेत; तिथे वनखात्याच्या नियमांप्रमाणेच जायचं, वाट सोडून गाडी घालायची नाही. पावरा-भिल्ल वस्तीतून जाताना पहिला-दुसरा गिअर. अंगणात मका, ज्वारी वाळत असते, लेकरं रस्त्यातच खेळतात, आणि दिवाळीत अस्तंभ्याच्या डोंगराकडे निघालेले यात्रेकरू पायी चाललेले असतात. धूळ त्यांच्या ताटात जाते. सायलेन्सर बदलून आवाज वाढवू नका.

बरेचजण दसऱ्याला गाडी घेतात, ते सोयीचंही आहे. पाऊस सरलेला असतो आणि दिवाळीपर्यंत पहिली सर्व्हिसिंग होऊन जाते. सुरुवातीचे दिवस डांबरावरच काढा, मग सोप्या मुरुमाच्या रस्त्यावर उतरा. धडगावकडे निघताना पेट्रोल शहाद्याला किंवा तळोद्यालाच भरून घ्या. परत आल्यावर चेन धुऊन तेल द्या. नव्या चाकाच्या तारा पहिल्या काही कच्च्या फेऱ्यांनंतर सैल होऊ शकतात. पान्याने एकेक तार हलकी टिचकून ऐका. बाकीच्यांपेक्षा जिचा आवाज बद्द येतो ती सैल, आणि ती स्वतः पिळण्यापेक्षा चाक सरळ करता येणाऱ्या मेकॅनिककडून आवळून घ्या. नमस्कार.