भाग संपला तरी उठू नका

श्रोतेहो, नमस्कार.

'काउबॉय बीबॉप' ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे अ‍ॅनिमेशन मालिका १९९८च्या एप्रिलमध्ये टीव्ही टोकियोवर सुरू झाली. मालिकेचे भाग २६, पण त्या पहिल्या फेरीत वाहिनीने निम्मेसुद्धा दाखवले नाहीत. बाकीचे तिला पचण्यासारखे नव्हते. मग दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे आणि त्यांच्या मंडळींनी निरोपाचा म्हणून एक जोडभाग केला. आधीच्या दृश्यांचे तुकडे घेतले, त्यांवर पात्रांच्या तोंडी जगाबद्दलची कडवट बोलणी घातली आणि शेवटी पडद्यावर लिहिलं की हा शेवट नाही, खरा बीबॉप तुम्हाला एक दिवस बघायला मिळेल. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून 'वॉवॉव' वाहिनीने सगळे २६ भाग दाखवले. दिलेला शब्द पाळला गेला. तो जोडभाग मात्र मालिकेच्या नेहमीच्या डीव्हीडी संचांत सापडत नाही.

आज मला बोलायचंय ते अशाच, मुख्य गोष्टीला चिकटून आलेल्या ऐवजाबद्दल. जुनी मालिका दुसऱ्यांदा बघायला घेतो तेव्हा त्याची खरी चव कळते, असं माझं ठाम मत आहे.

हा ऐवज आला कुठून? ऐंशी-नव्वदच्या दशकांत जपानमध्ये अ‍ॅनिमे कॅसेटवर किंवा लेझरडिस्कवर विकत घेणं महागडं काम होतं. एका कॅसेटमध्ये जेमतेम एक-दोन भाग असायचे. इतके पैसे मोजणाऱ्याच्या हातात आणखी काहीतरी पडावं म्हणून श्रेयनामावलीशिवायचं ओपनिंग (सुरुवातीचं गाणं), जाहिराती, मुलाखती, छोटी विनोदी प्रहसनं जोडली जायची. चाहते त्याला 'ओमाके' म्हणतात. यातलं सगळंच सोनं नाही. जाहिराती आणि चित्रांच्या गॅलऱ्या एकदा बघून सोडून दिल्या तरी चालतात.

पण 'गनबस्टर' घ्या. १९८८-८९मध्ये गायनॅक्स स्टुडिओने काढलेली, हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली अवघ्या सहा भागांची मालिका. नोरिको नावाची मुलगी, अंतराळात हरवलेले वडील, माणसाच्या मुळावर उठलेले राक्षसी जीव. प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या यानात तिचा वेळ सावकाश सरकतो आणि पृथ्वीवर वर्षं उलटत जातात. पाचव्या भागात ती परत येते तेव्हा तिची शाळेतली मैत्रीण एका मुलीची आई झालेली असते आणि नोरिको अजून कोवळ्या वयातच. ब्रह्मलोकात थोडा वेळ थांबून परतले तर पृथ्वीवर युगं उलटलेली, ही ककुद्मी राजा आणि त्याची मुलगी रेवती यांची कथा ऐकलेल्यांना यातला काटा लगेच कळेल.

या मालिकेला जोडून 'विज्ञानाचे धडे' आहेत. मोठ्या डोक्याची, बुटक्या अंगाची नोरिको, तिची साथीदार काझुमी आणि त्यांचे प्रशिक्षक येतात आणि मालिकेतलं विज्ञान समजावतात. त्यात सापेक्षतेतला वेळेचा खरा हिशेब आहे आणि लेखकांनी रचलेलं काल्पनिक भौतिकशास्त्रही, दोन्ही सारख्याच गांभीर्याने. पहिल्यांदा बघताना हे धडे मध्येच आल्यासारखे वाटतात, कारण आपल्याला पुढे काय होतं ते हवं असतं. दुसऱ्यांदा आपल्याला शेवट माहीत असतो. कृष्णधवल चित्रात काढलेला तो सहावा भाग, बारा हजार वर्षांचा तो विरह. हे ठाऊक असताना तीच नोरिको हसत-खेळत वेळेचं गणित शिकताना दिसते आणि घशात आवंढा येतो. विनोदासाठी केलेली गोष्ट गोष्टीच्या आतली होऊन बसते.

आन्नोंचीच १९९५ची 'इव्हँजेलियन' बघत असाल, तर प्रत्येक भागाच्या शेवटचं गाणं वगळून पुढे जाऊ नका. 'फ्लाय मी टू द मून' हे जुनं इंग्रजी गाणं तिथे वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या बांधणीत येतं. २०१९मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली तेव्हा जपानबाहेर बहुतेक ठिकाणी ते गाणं काढलेलं होतं. कथा पूर्ण होती, पण भागानंतरचा श्वास बदलला होता. मला हे मोठं नुकसान वाटतं. म्हणून ज्यांच्याकडे जुन्या डिस्क आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, त्या रद्दीत देऊ नका.

आपल्याकडच्या पिढीची पहिली ओळख या जगाशी झाली ती दूरदर्शनच्या मोगलीमुळे. ती मालिकाही जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनची, १९८९ची, ५२ भागांची. 'जंगल जंगल बात चली है' हे गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं गाणं इथे तयार झालं आणि शेरखानला आवाज दिला आपल्या नाना पाटेकरांनी. मूळ जपानी ओपनिंगला चाल वेगळी, शब्द वेगळे. ते मिळालं तर जरूर ऐका. ओळखीचा मोगली क्षणभर परका वाटतो, मग दुप्पट आपला होतो.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर गनबस्टरपासून करा. सहा भाग रविवारच्या एका दुपारी बघून होतात. भाग संपला की लगेच पुढचा लावू नका, आधी धडा बघा. आणि महिन्या-दोन महिन्यांनी सगळं पुन्हा, त्याच क्रमाने.

नमस्कार.