वाटीतलं नाणं

[वाटीचा क्लोजअप]

पुण्यातल्या महापालिकेच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाची बाकं आज भिंतीला लागली आहेत. स्टीलच्या वाटीत तळाशी रुपयाचं नाणं. पाणी ओतताना ते सरकू नये म्हणून खाली कणकेची गोळी दाबलेली. मुलगा एकेक पाऊल मागे जातोय. नाणं काठाआड गेलं की तिथेच थांबायचं, मान हलवायची नाही. आता मैत्रीण पाणी ओतते, अगदी हळू.

[निवेदन थांबेल. वर्गाचा आवाज राहू द्यावा.]

नाणं जागेवरच आहे. काठावरून येणारे किरण मघाशी त्याच्या डोळ्यांच्या वरून निघून जात होते. पाण्यातून हवेत येताना ते पृष्ठभागाकडे झुकले आणि थेट डोळ्यांत आले. हवेत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत २ लाख. वेग बदलला की तिरका किरण वाकतो.

या वाकण्याला प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात. दहावीच्या पुस्तकात हा सहावा धडा आहे, आणि बऱ्याच वर्गांत तो आकृती पाठ करण्यातच संपतो. इथल्या बाई व्याख्या सर्वांत शेवटी सांगतात. तेच बरोबर आहे.

पुण्यात ही वाट जुनी आहे. विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी २०१४ पर्यंत काड्यापेट्या, सायकलची ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी घडवली आणि मुलांकडूनही घडवून घेतली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विज्ञान हाताने शिकायचं, हे त्या खेळण्यांनी कितीतरी शिक्षकांच्या मनात रुजवलं.

[परीक्षानळी, ग्लिसरीन]

हे औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन. त्यात बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी उभी केलीय. नळी स्पष्ट दिसतेय, कारण आत हवा आहे. आता ड्रॉपरने नळीतही ग्लिसरीन भरायचं. जिथवर ते चढतं, तिथवर नळी नाहीशी होते. दोन्हींचा अपवर्तनांक, म्हणजे किरण किती वाकेल ते सांगणारा आकडा, जवळपास सारखा, १.४७. किरण वाकत नाही, परततही नाही, मग कड दिसणार कशी? मुलं बोट घालून नळी चाचपून बघतात.

[लेझर, काचेची टाकी]

पाण्यात दुधाचे दोन थेंब, वर उदबत्तीचा धूर. लेझर बाईंच्याच हातात, कुणाच्याही डोळ्यांकडे न वळणारा. हवेतली लाल रेघ पाण्याला टेकते आणि मोडते. खालून, आतून तिरका सोडला, तर स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागावरच्या लंब रेषेशी, साधारण ४९ अंशांच्या पुढे तो बाहेर येतच नाही. पुन्हा पाण्यातच परततो. इंटरनेटच्या फायबरमध्ये प्रकाश असाच कोंडलेला असतो. आणि किरण वाकतात म्हणूनच खडकवासल्याच्या धरणात सरळ खाली पाहून ३ फूट वाटणारं पाणी ४ फूट खोल असतं.

उद्या प्रत्येकाने घरून साखरेचं पाणी आणायचंय. किरण जास्त वाकेल की कमी, हे लेझर लावण्याआधी वहीत लिहून.